हरभरा दाट की पातळ: अमळनेरकडच्या वावरातल्या नोंदी, रब्बी २०२३-२४

१५ ऑक्टोबर २०२३

आज घट बसले. जेवताना हरभऱ्याच्या बियाण्याचा विषय निघाला तो संध्याकाळपर्यंत चालूच. आबा एकरी दीड बॅग पेरतात, म्हणजे ४५ किलो, तिफणीने, कितीतरी वर्षं तसंच. मी म्हटलं आबा, किलो नका सांगू, वावरात झाडं किती उभी राहतात ते सांगा. तर ते म्हणाले, "बेटा, पातळ पेरं तं वावर उघडं पडी. पाखरं खातस, काही उगस नही, मंग काय करशी?" मला यावर लगेच उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलणं खोटंही वाटलं नाही. पण शिफारस ३० बाय १० सेंमीची आहे (दोन तासांत, म्हणजे ओळींत, ३० आणि ओळीतल्या दोन झाडांत १०), म्हणजे एका चौरस मीटरला ३३ झाडं, आणि आपल्या वावरात नक्की किती असतात हे घरात कुणालाच माहीत नाही. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा ठरवलं. सरांना फोन केला, ते हो म्हणाले, फक्त रिप्लिकेशन तीन तरी ठेव म्हणाले, म्हणजे प्रत्येक प्रकार निदान तीन वाफ्यांत.

वावर बोरीच्या अंगाला, काळं, खोल. खरीपात इथे मूग होता. यंदाचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, आमच्या मुगाने फुलातच माना टाकल्या, त्यामुळे जमिनीत ओल नावाला आहे. विहिरीचं पाणी देऊन मगच पेरावं लागेल.

२१ ऑक्टोबर

बी दिग्विजय जातीचं, घरचंच, गेल्या वर्षी निवडून ठेवलेलं. मावसभाऊ सराफाकडे कामाला आहे, त्याच्या काट्यावर १०० दाणे मोजून तीनदा वजन केलं: २४.१, २३.६, २४.४. म्हणजे १०० दाण्याला २४ ग्रॅम धरायचे. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले होते त्यातले ८५ उगवले.

आता हिशोब. एकरात ४,०४७ चौरस मीटर. ३३ झाडं उभी हवी असतील तर साधारण १ लाख ३५ हजार झाडं, त्याचं बी ३२ किलो, आणि १०० तले १५ उगवत नाहीत ते धरून ३८ किलो. ४४ झाडं हवी असतील तर जवळजवळ ५१ किलो. २२ च हवी असतील तर साडेपंचवीस.

या हिशोबात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: पूर्वी आबा जो बारीक दाण्याचा हरभरा पेरायचे त्याचे १०० दाणे १८ ग्रॅमच्या आसपास भरायचे. ३० किलोची एक बॅग एकराला टाकली तर त्या बारीक दाण्याची ३५ झाडं मीटरला उभी राहायची, आणि तेवढीच बॅग दिग्विजयची टाकली तर २६ च. बॅग तीच, वजन तेच, आणि वावरात नऊ झाडांचा फरक! लोक जातीची नावं बदलतात पण बॅगचा आकडा तोच ठेवतात नाहीतर अंदाजाने वाढवतात. आबांनी वाढवला. ४५ किलो म्हणजे मीटरला ३९ च्या आसपास झाडं, शिफारशीपेक्षा सहा जास्त. आबांना कागदावर दाखवलं तर त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला, बोलले काही नाही.

२९ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली, आज पेरणी. ओल देऊन वाफसा आला होता, मुठीत माती धरली की गोळा व्हायचा आणि पायावर टाकला की फुटायचा.

चार प्रकार ठेवलेत.
क – ३० बाय १५ (मीटरला २२)
ख – ३० बाय १० (३३)
ग – ३० बाय ७.५ (४४)
घ – ४५ बाय १० (परत २२ च, पण तास लांब लांब)

क आणि घ मध्ये झाडांची संख्या सारखीच आहे, फक्त मांडणी वेगळी. हे मी मुद्दाम घेतलं, कारण सगळे मीटरला किती एवढंच विचारतात, झाडाभोवतीची जागा चौकोनी आहे की लांबट हे कुणी विचारत नाही. प्रत्येकाचे तीन वाफे, एकूण बारा, एक वाफा ३.६ बाय ५ मीटर. कुठला वाफा कुठे यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, चिठ्ठ्या भाचीने उचलल्या.

सुतळीला गाठी मारून घेतल्या, १५ ची वेगळी, १० ची वेगळी, साडेसातची वेगळी, आणि माय, वहिनी आणि दोन काकू अशा सगळ्यांनी मिळून टोबलं. गाठीला दोन दोन दाणे, नंतर एक काढायचा. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी बुरशी) चोळलं किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, सावलीत सुकवलं. डीएपी खत एकरी एक गोणी या हिशोबाने सगळ्या वाफ्यांना सारखं.

शेजारच्या पट्ट्यात आबांनी त्यांच्या पद्धतीने तिफण चालवली, ४५ किलोच्या हिशोबाने. तो पट्टाही मी मोजणार आहे, तसं त्यांना सांगितलंय.

५ नोव्हेंबर

कोंब वर. हरभऱ्याची दोन दळं मातीतच राहतात, सोयाबीन, मूग, उडीद यांच्यासारखी वर येत नाहीत. म्हणून पाखराने शेंडा तोडला तरी खालून दुसरा फुटवा येतो, आज चार ठिकाणी असे पाहिले, एका ठिकाणी तर माती बोटाने बाजूला करून आबांना दाखवलं, खाली दाणा टणक आणि बाजूने पांढरट नवा कोंब निघालेला. मुगाचं असं होत नाही, तिथे मान तुटली की झाड गेलं. त्यामुळे पाखराच्या भीतीने बी वाढवायचं ते मुगाला जास्त लागू पडतं, हरभऱ्याला कमी.

१३ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. आज विरळणी. उपटायला हात धजत नाही, सगळीच झाडं चांगली दिसतात. मायने तर स्पष्टच सांगितलं की उगवलेलं उपटायचं म्हणजे पाप आहे, तरी ती माझ्यासोबत दोन तास वाकून उपटत होती.

२८ नोव्हेंबर

२६ आणि २७ ला अवकाळी. नाशिकपासून नंदुरबार, धुळे, जळगावपर्यंत झोडपलं, काही गावांना गारांनी झोपवलं. आमच्या शिवारात गारा नव्हत्या पण पाऊस खूप. मी रविवारी घरीच होते. रात्री झोप लागली नाही, सकाळी चिखलातून जाऊन पाहिलं तर खालच्या अंगाचे दोन वाफे, एक ख चा आणि एक ग चा, पाण्यात उभे. दादाने फावड्याने चर काढून दिला, दुपारपर्यंत पाणी उतरलं.

पहिलं पाणी आता द्यायला नको. एवढंच काय ते बरं झालं.

१० डिसेंबर

पावसानंतर मर (झाड सुकवणारा रोग) दिसायला लागली. सुकलेलं झाड उपटून खोड मधोमध चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते, तेव्हा ती मरच. काही ठिकाणी मात्र मूळच कुजलंय, ते साचलेल्या पाण्याचं.

सगळे वाफे परत मोजले. सरासरी अशी: क मध्ये २० राहिली (लावली २२), ख मध्ये २९ (३३ मधून), ग मध्ये ३६ (४४ मधून), घ मध्ये २०. म्हणजे दाट वाफ्यातून मीटरला आठ झाडं गेली तरी ती शिफारशीच्या आकड्यापेक्षा जास्तच आहेत. इथे मला आबांचं म्हणणं आठवलं. त्यांनी ४५ किलो पेरणं हा एक विमाच आहे, अवकाळीचा, मरचा, खराब बियाण्याचा, आणि ज्याला विमा नाही त्याने पातळ पेरून वावर धोक्यात का घालावं? हे मी ऑक्टोबरमध्ये समजून घ्यायला हवं होतं. प्रश्न एवढाच उरतो की या विम्याला हप्ता किती पडतो.

दोन झाडं मुळासकट काढून गाठी पाहिल्या. नखाने फोडल्या तर आत छान गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू आहे.

१६ डिसेंबर

फांद्या मोजल्या, वाफ्याला पाच झाडं. क ला ९ च्या आसपास, ख ला ७, ग ला ५. ग चं झाड उंच आणि सडपातळ, खालची पानं पिवळी. क चं झाड बुटकं, पसरट, जमिनीलगतच्या फांद्यासुद्धा हिरव्यागार. ग चे तास केव्हाच एकमेकाला मिळालेत, ख चे आता मिळतायत. घ मध्ये मात्र दोन तासांच्या मधे अजून वीतभर काळी माती दिसते, आणि तिथेच चंदनबटवा माजलाय. क आणि घ ला झाडं सारखीच ना, तरी घ ला कोळपं एकदा जास्त मारावं लागलं, कारण क ची सावली लवकर पडते, घ च्या तासात झाडाला झाड लागून आणि तासाबाहेर ऊन मोकळं.

आज एक गडबड झाली. माय आणि वहिनीने भाजीला शेंडे खुडले. मी कडेच्या ओळी सोडून दिल्या होत्या आणि तिथले खुडा असं सांगितलं होतं, पण बोलता बोलता एका ख वाफ्यात त्या तिसऱ्या ओळीत शिरल्या. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, म्हणजे त्या ओळीचा हिशोब बिघडला. चूक माझी, खुणेची काठी कडेलाच रोवायला हवी होती. ती ओळ मोजणीतून काढली आणि सगळ्या बारा वाफ्यांना लाल चिंधी बांधली. भाजी मात्र फार सुंदर झाली होती, हरभऱ्याचा तो आंबटपणा, सोबत कळण्याची भाकरी. लहानपणी आजी पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरून दवातून आंब पिळून ठेवायची, पोटदुखीला. पाठ ओलीचिंब करून यायची ती. आता कुणी करत नाही.

३० डिसेंबर

आज पीक ६२ दिवसांचं. पाणी द्यायच्या आधी ओल पाहायची होती. फूटभर खोलीवरची माती प्रत्येक वाफ्यातून डब्यात घेतली, वजन केलं, कॉलेजच्या ओव्हनमध्ये सुकवून परत वजन केलं. ग मध्ये ओल १९ टक्के, ख मध्ये २१, क मध्ये २३. झाडं जास्त म्हणजे पिणारी तोंडं जास्त, हे तर साधंच आहे, पण आकडा समोर आला की वेगळं वाटतं. हरभरा साठलेल्या ओलीवर जगणारं पीक, दाट पिकाने ती ओल पानं वाढवण्यातच संपवली तर घाटे भरायच्या वेळेला घड्यात काही उरत नाही. आमच्याकडे विहीर आहे म्हणून आज पाणी दिलं. ज्याचं कोरडवाहू आहे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलंय, त्याला हे चार टक्के फार महाग पडतील.

सर एका तासाला जपानच्या किरा आणि त्यांच्या सोबत्यांचं १९५३ चं काम शिकवत होते: एका मर्यादेच्या पुढे झाडं कितीही वाढवा, एका जागेतून निघणारं एकूण वजन तेवढंच राहतं, फक्त एकेक झाड लहान होत जातं. मला हे वावरात डोळ्यांनी दिसतंय. पण तो नियम सगळ्या झाडोऱ्याच्या वजनाचा आहे. शेतकऱ्याला दाणा हवा, आणि झाड फार लहान झालं की ते पानाखोडातच खर्च होतं, दाणा कमी धरतं.

७ जानेवारी २०२४

पाण्यानंतर ग चे दोन वाफे आडवे झुकले. पूर्ण लोळले नाहीत. घाटेअळी आलीय. क मध्ये वरून बघितलं तरी अळी दिसते, ग मध्ये दोन्ही हातांनी झाडं फाकवून बघावं लागतं आणि फवाराही खाली पोचत नाही. ५ टक्के निंबोळी अर्क मारला, पक्षी बसायला काड्या रोवल्या. साळुंक्या येतात आणि खरंच टिपतात, बसून पाहिलं अर्धा तास.

१४ जानेवारी

उद्या संक्रांत. आज आबांचा तिफणीचा पट्टा मोजला. एक मीटरची काठी वीस ठिकाणी तासावर ठेवली. सरासरी तासाच्या एका मीटरला १२ झाडं, म्हणजे ३० च्या तासाने चौरस मीटरला ४०, आबांच्या ४५ किलोच्या हिशोबाला अगदी बरोबर. पण सरासरीने फसवलं असतं! वीस जागांमधे एकीकडे ३ झाडं आणि एकीकडे २२. चाड्यावर मूठ सोडताना बी कधी घोळक्याने पडतं, कधी हात बियाण्याच्या पिशवीकडे जातो तेवढं तास रिकामं जातं.

मग मी एक घोळका आणि एक तूट निवडली, जवळजवळच्या. घोळक्यात पाच झाडं एकाच मुठीत मावतील अशी, त्यांना घाटे ७, ९, ६, १०, ८. तुटीच्या काठावरचं एकटं झाड, त्याच्या पुढे दीड फूट काहीच नाही, त्याला ५८ घाटे. झाड तुटीत झुकून पसरलंय, फांदीच्या टोकापर्यंत घाटा आहे, तरी दीड फुटातलं मधलं वीतभर रान रिकामंच राहिलं. म्हणजे हरभरा तूट भरून काढतो, पण फूटभरापर्यंत. त्यापुढे नाही. आणि घोळक्यातली जास्तीची झाडं उठून तुटीत जात नाहीत. बी वाढवलं की घोळके मोठे होतात, तुटी तिथल्या तिथेच राहतात.

आबा काठी धरून माझ्यासोबतच होते. तीनचं मीटर आलं तेव्हा त्यांनी काठी उचलली नाही, तिथेच बसले, मातीत बोट फिरवून पाहिलं बी आहे का. बी नव्हतंच. "आठे हात चुकना," एवढंच म्हणाले, म्हणजे इथे हात चुकला.

२८ जानेवारी

भरलेले घाटे, दर झाडाला सरासरी: क ४०, ख २९, ग २२, घ ३७. झाडांच्या संख्येने गुणलं तर मीटरला क ८००, ख ८४१, ग ७९२, घ ७४०. पोचट घाटे ग मध्ये जास्त, सगळे बुडाशी, जिथे ऊन पोचत नाही.

संध्याकाळी कडेच्या ओळीतला हुळा केला. भाचीचे गाल आणि हात काळे.

१४ फेब्रुवारी

१०८ दिवस. काढणी. पहाटेच उपटायला घेतलं, दव असताना घाटे गळत नाहीत. कडेच्या ओळी आधी काढून बाजूला, मग आतला भाग, प्रत्येक वाफ्याच्या पेंढीला चिठ्ठी.

२४ फेब्रुवारी

पेंढ्या वाळवून काठीने बडवल्या, उपणल्या, वजनं केली. मोजलेला भाग सारखा नाही (३० च्या तासाला ९.६ चौरस मीटर, ४५ च्या तासाला १०.८), म्हणून एकरी करून लिहिते.

क – ८ क्विंटल
ख – साडेआठ
ग – ७ क्विंटल ७० किलो
घ – ७ क्विंटल ४० किलो

ख सगळ्यात वर. पण ख च्या तीन वाफ्यांतच १.८५ किलोपासून २.२ किलोपर्यंत फरक आहे, त्यामुळे क आणि ख मधल्या अर्ध्या क्विंटलवरून मी कुणाशी भांडणार नाही. ग बद्दल मात्र मन पक्कं आहे. तिन्ही ठिकाणी तो शेजारच्या ख पेक्षा कमीच भरला, वरून १०० दाणे २३.२ ग्रॅम, म्हणजे दाणाही हलका. ख पेक्षा १३ किलो बी जास्त आणि उतारा ८० किलो कमी. या २०२३-२४ च्या रब्बीच्या हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,४४० रुपये होता, त्या भावाने नुसता उतारा धरला तरी एकरी ४,३०० च्या वर जातात. हा तो विम्याचा हप्ता.

घ ने मला सगळ्यात जास्त शिकवलं. क एवढीच झाडं, तेवढंच खत, तेवढंच पाणी, आणि ६० किलो कमी. दोन तासांच्या मधे जे ऊन मातीवर पडलं ते कुणाच्याच पानावर नव्हतं. सरी-वरंब्यावर किंवा रुंद सरीवर ज्यांना तास लांब ठेवावाच लागतो त्यांची गोष्ट वेगळी, आणि पसरट वाढणारी जात असेल तर तीही वेगळी. दिग्विजयला आमच्या रानात ३० चा तास बरा.

आबांचा पट्टा ७ क्विंटल ८० किलो. त्यांनी आकडा दोनदा विचारला.

१० मार्च

माल अमळनेर मार्केटला दिला, बियाण्याचा ठेवला. तिथून जळगावच्या दालमिलला जाईल. बियाण्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घातला.

दादा म्हणतो पुढच्या रब्बीला भाड्याने पेरणी यंत्र आणू, दाणे समान अंतरावर पाडणारं. आणायचंच. ३८ ते ४० किलो, बी आधी गोणपाटात तपासून, आणि यंत्र चाललं की शंभर पावलांवर थांबून माती उकरून दाणे मोजायचे. हे शेवटचं आबांनी सुचवलं.

काल रात्री आबा मुगाच्या बियाण्याचं गाडगं घेऊन आले. जूनला अजून तीन महिने आहेत. मी आणि भाचीने १०० दाणे ताटात मोजून कागदाच्या पुडीत बांधले, आबांनी ती पुडी सराफाकडे स्वतः नेली, बसने. ३.६ ग्रॅम भरले. ३० बाय १० ला १०० तले ८५ उगवतील असं धरून एकरी पावणेसहा किलो होतात. आबा म्हणाले सहा धर, मुगाले पाखरं लागतस.